मृत्युपत्र, नामनिर्देशन आणि मुखत्यारपत्र: पहिल्यांदाच कागदपत्रे करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

घरातील मालमत्तेची पुढची व्यवस्था लावायची असे ठरवले की तीन कागदांची नावे समोर येतात आणि बहुतेक घरांत ती एकमेकांच्या जागी वापरली जातात. मृत्युपत्र, ज्याला इच्छापत्रही म्हणतात, तुमच्या पश्चात मालकी कोणाकडे जाईल हे ठरवते. नामनिर्देशन, म्हणजे रोजच्या बोलण्यातले ‘नॉमिनेशन’, बँक किंवा सोसायटी तुमच्यानंतर पैसे वा कागद कोणाच्या हाती देईल एवढेच बहुतांश वेळा ठरवते. मुखत्यारपत्र तुमच्या हयातीत, तुमच्या वतीने सही करण्याचा अधिकार दुसऱ्याला देते आणि तुमच्या मृत्यूबरोबर संपते. या तिघांची कामे आणि वेळा वेगळ्या आहेत, हे एकदा नीट समजले की पुढची बरीचशी गुंतागुंत टळते. कारण न्यायालयापर्यंत जाणारे अनेक कौटुंबिक वाद या तीन कागदांत परस्परविरोधी नावे राहिल्यामुळे उभे राहतात.

पुढील विवेचन मुख्यतः महाराष्ट्रात राहणाऱ्या आणि हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ ज्यांना लागू होतो अशा कुटुंबांसाठी आहे. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. इतरांसाठी जिथे नियम वेगळे आहेत, तिथे तसे सांगितले आहे.

पहिली पायरी: मालमत्तेची आणि कर्जाची यादी

मृत्युपत्राचा मसुदा हाती घेण्याआधी एक वही घ्यावी आणि तीत आपल्या नावावर काय काय आहे ते लिहून काढावे. सदनिका असेल तर नोंदणीकृत करारनामा, निर्देशांक दोन (म्हणजे दस्तनोंदणीचा उतारा, ‘इंडेक्स टू’) आणि सोसायटीचा भागदाखला (शेअर सर्टिफिकेट) कोणाच्या नावावर आहे. शेतजमीन असेल तर सातबारा आणि आठ-अ उताऱ्यावर कोणाकोणाची नावे आहेत. शहरातील जागा असेल तर मिळकतपत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काय सांगते. बँकेतील खाती एकट्याच्या नावावर आहेत की संयुक्त. विमा, भविष्य निर्वाह निधी, म्युच्युअल फंड, डीमॅट खाते, टपाल कार्यालयातील बचत, लॉकर, दागिने, दुसऱ्याला दिलेले आणि आपण घेतलेले कर्ज, हे सारे त्यात यावे. प्रत्येक नोंदीपुढे सध्या नामनिर्देशन कोणाचे आहे, यासाठी एक रकाना ठेवावा. हा रकाना भरताना बऱ्याच जणांना लक्षात येते की पंचवीस वर्षांपूर्वी, लग्नाआधी, नोकरीला लागताना दिलेले नाव अजून तसेच आहे.

त्याच वहीत आणखी एक भेद करावा: कोणती मालमत्ता स्वकष्टार्जित आहे आणि कोणती वडिलोपार्जित. स्वकष्टार्जित मालमत्तेबाबत तुम्ही मृत्युपत्राने हवे ते ठरवू शकता. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मात्र केवळ आपल्या हिश्शापुरतेच मृत्युपत्र करता येते. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगीही मुलाप्रमाणेच जन्माने सहहिस्सेदार आहे, आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे ‘मुलींची लग्ने झाली, आता जमीन मुलांची’ या गृहीतकावर केलेले मृत्युपत्र वडिलोपार्जित जमिनीबाबत टिकणार नाही.

दुसरी पायरी: काहीच लिहिले नाही तर काय होईल, हे पाहणे

मृत्युपत्र नसेल तर मालमत्ता वाऱ्यावर राहत नाही; कायदा ती वाटतो. कायद्याची वाटणी तुम्हाला मान्य असेल तरीही मृत्युपत्र करणे सोयीचे असते, पण मान्य नसेल तर ते आवश्यकच ठरते. विवाहित हिंदू पुरुष मृत्युपत्राविना गेला, तर पत्नी, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि आई यांना समान हिस्सा मिळतो. आई पहिल्या वर्गातील, म्हणजे ज्यांना सर्वांत आधी हिस्सा मिळतो अशांपैकी, वारस आहे, वडील नाहीत. म्हणजे वृद्ध वडील मुलावर अवलंबून असतील, तर त्यांची तरतूद मृत्युपत्रानेच करावी लागते. दुसरीकडे, सारी मालमत्ता पत्नीलाच मिळेल अशी अनेकांची समजूत असते, तीही चुकीची आहे. पत्नीबरोबर मुले आणि सासूही हिस्सेदार होतात, आणि मुले अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, असतील तर त्यांच्या हिश्शाची स्थावर मालमत्ता विकण्यासाठी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते.

स्त्रियांसाठी कायद्याची वाटणी पूर्ण वेगळी आहे आणि तिच्याकडे मुद्दाम लक्ष वेधावेसे वाटते. हिंदू स्त्री मृत्युपत्राविना गेली, तर तिची मालमत्ता आधी पती आणि मुलांकडे जाते. पती आणि मुले दोन्ही नसतील, तर ती पतीच्या वारसांकडे जाते, आणि तिचे स्वतःचे आईवडील त्यांच्यानंतर येतात. आईवडिलांकडून वारशाने मिळालेली मालमत्ता, मुले नसल्यास, वडिलांच्या वारसांकडे परत जाते, हा अपवाद आहे. पण तिने स्वतः नोकरी करून कमावलेल्या पैशाला हा अपवाद लागू नाही. २००९ मधील एका प्रकरणात लग्नानंतर थोड्याच काळात विधवा झालेली, माहेरी राहून शिकलेली आणि स्वतः कमावलेली स्त्री मृत्युपत्र न करता गेली; तिची बचत सासरच्या वारसांकडे जाईल, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाला कायद्याच्या शब्दांनुसार द्यावा लागला. म्हणून नोकरी करणाऱ्या, अपत्य नसलेल्या, विधवा किंवा एकट्या राहणाऱ्या प्रत्येक स्त्रीने आपले मृत्युपत्र स्वतः करावे, आणि ते लांबणीवर टाकू नये, असे मी आग्रहाने सांगेन. ‘घर नवऱ्याच्या नावावर आहे, माझे काय असणार’ असे म्हणणाऱ्या स्त्रीच्या नावावरही दागिने, ठेवी आणि भविष्य निर्वाह निधी असतोच.

मुस्लिम व्यक्तिगत कायद्यानुसार, वारसांची संमती नसेल तर मृत्युपत्राने सामान्यतः एक-तृतीयांश मालमत्तेपर्यंतच व्यवस्था करता येते. ख्रिस्ती आणि पारशी व्यक्तीचे मृत्युपत्र तिच्या नंतरच्या विवाहाने आपोआप रद्द होते; हिंदूंच्या बाबतीत तसे होत नाही. गोव्यात तर पायाच वेगळा आहे: तिथे पती-पत्नीची मालमत्ता सामान्यतः समाईक मानली जाते, अपत्ये किंवा आईवडील असल्यास व्यक्तीला आपल्या हिश्शापैकी निम्म्याचीच मुक्तपणे विल्हेवाट लावता येते, आणि मृत्युपत्रही ठरावीक पद्धतीने अधिकाऱ्यासमोर करावे लागते. मूळ गोव्यातील कुटुंबांनी महाराष्ट्रातला नमुना उतरवून घेऊ नये.

तिसरी पायरी: नामनिर्देशने दुरुस्त करणे

मृत्युपत्राआधी ही पायरी घ्यावी, कारण हे काम बहुधा विनाखर्च आणि पुष्कळदा मोबाइलवरूनही होते. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवींसाठी चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते. ते दोन प्रकारांनी करता येते: चौघांना एकाच वेळी, प्रत्येकाची टक्केवारी लिहून, किंवा एकामागून एक, म्हणजे पहिली व्यक्ती हयात नसेल तरच दुसरीचा क्रम येतो. लॉकरसाठी केवळ दुसरा प्रकार उपलब्ध आहे. म्युच्युअल फंड आणि डीमॅट खात्यांत सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने, दहा व्यक्तींपर्यंत नामनिर्देशनाची सोय केली आहे.

आता मूळ प्रश्न: ज्याचे नाव नामनिर्देशनात आहे तो मालक होतो का? बँकेच्या ठेवीबाबत उत्तर नाही असे आहे. बँक त्याच्या हाती पैसे देऊन आपल्या जबाबदारीतून मोकळी होते, पण त्याने ते पैसे खऱ्या वारसांसाठी सांभाळायचे असतात. शेअर्सबाबत बराच काळ संभ्रम होता, आणि मुंबई उच्च न्यायालयाचेच निकाल परस्परविरोधी होते. १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील एका कुटुंबाच्या प्रकरणात तो मिटवला आणि नामनिर्देशनाने शेअर्सची मालकी मिळत नाही, वारसा कायदा किंवा मृत्युपत्रच ती ठरवते, असे सांगितले. सोसायटीतील सदनिकेचेही तसेच आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार नामनिर्देशित व्यक्तीला, कायदेशीर वारस सदस्य होईपर्यंत, तात्पुरता सदस्य म्हणून घेतले जाते. सोसायटीत अर्ज तीन प्रतींत द्यावा, व्यवस्थापक समितीच्या सभेत त्याची नोंद झाली का हे विचारावे आणि सही-शिक्क्याची पोच स्वतःकडे ठेवावी.

आयुर्विमा हा महत्त्वाचा अपवाद आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर विमाधारकाने आईवडील, पती वा पत्नी किंवा मुले यांपैकी कोणाचे नाव दिले असेल, तर ती व्यक्ती रकमेची लाभार्थीच मानली जाते. म्हणजे विम्यात आईचे नाव ठेवून मृत्युपत्रात ती रक्कम पत्नीला लिहिली, तर मृत्युपत्राचा उपयोग होईलच असे नाही. विम्यातले नावच बदलले पाहिजे. व्यवसायात कर्ज असलेल्या पुरुषाने १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली पत्नी-मुलांच्या नावे विमा घेतला, तर ती रक्कम सावकारांच्या हातापासूनही दूर राहते. मात्र हे विमा घेतानाच ठरवावे लागते.

भविष्य निर्वाह निधीत कुटुंब असलेल्या सभासदाला कुटुंबातीलच व्यक्तीचे नाव द्यावे लागते, आणि कुटुंब नसताना केलेले नामनिर्देशन लग्नानंतर अवैध ठरते. लग्न झाल्यावर कर्मचारी भविष्य निर्वाह निधीच्या संकेतस्थळावर जाऊन ई-नामनिर्देशन नव्याने भरणे हे काम सत्यनारायणाच्या पूजेइतकेच ठरलेले असावे.

नामनिर्देशन मालकी देत नसेल तर त्याचा उपयोग काय, असे वाटू शकते. उपयोग मोठा आहे. ते नसेल तर मोठ्या रकमेसाठी दिवाणी न्यायालयातून वारसा प्रमाणपत्र आणावे लागू शकते, आणि त्याला महिने जातात. दहा वर्षे कोणी दावा न केलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग होते; ती परत मिळवता येते, ‘उद्गम’ या संकेतस्थळावर शोधताही येते, पण तोपर्यंत घरच्यांना तिचा पत्ताच नसतो.

माझा सल्ला साधा आहे: मृत्युपत्रात ज्याला जे द्यायचे आहे, नामनिर्देशनातही शक्यतो त्याचेच नाव ठेवावे.

चौथी पायरी: मृत्युपत्र लिहिणे

भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ नुसार अठरा वर्षे पूर्ण झालेली, मन स्वस्थ असलेली कोणतीही व्यक्ती मृत्युपत्र करू शकते. त्याला मुद्रांक लागत नाही, ठरावीक नमुना नाही, भाषा मराठी चालते, कोरा कागद पुरतो, हाताने लिहिलेले वा टंकलिखित दोन्ही वैध आहे. अटी दोनच, पण त्या कडक आहेत: मृत्युपत्र करणाऱ्याची सही किंवा अंगठा, आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या. प्रत्येक साक्षीदाराने तुम्हाला सही करताना पाहिलेले असावे किंवा ‘ही माझी सही आहे’ असे तुमच्या तोंडून ऐकलेले असावे, आणि नंतर त्याने तुमच्यासमोर सही केलेली असावी. डिजिटल सहीचे मृत्युपत्र चालत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातून मृत्युपत्र वगळलेले आहे.

सुरुवातीला आपले नाव, वय, पत्ता आणि ‘मी हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाविना करीत असून यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे व त्यांच्या पुरवण्या रद्द करीत आहे’ असे वाक्य असावे. मग कुटुंबातील सर्व जवळच्या व्यक्तींची नावे, ज्यांना काही द्यायचे नाही त्यांचीसुद्धा. एखाद्या अपत्याला वगळायचे असेल तर त्याचा उल्लेखच टाळणे धोक्याचे असते, कारण नंतर ‘वडिलांना भान नव्हते’ हा आरोप तिथूनच सुरू होतो. त्यापेक्षा ‘थोरल्या मुलाला व्यवसायासाठी मी हयातीतच रक्कम दिली आहे, म्हणून ही सदनिका मी मुलीला देत आहे’ असे एक शांत वाक्य पुष्कळ काम करते. रागाचे शब्द मृत्युपत्रात नसावेत. ते वाचले जाईल तेव्हा उत्तर द्यायला तुम्ही नसाल, आणि भावंडांना मात्र त्या शब्दांसह जगायचे असते.

मालमत्तेचे वर्णन ओळख पटेल इतके नेमके, पण बदलांना पुरेल इतके मोकळे असावे. सदनिकेचा क्रमांक, इमारत, गाव, भूमापन क्रमांक किंवा गट क्रमांक पूर्ण लिहावा. ठेवींबाबत मात्र पावत्यांचे क्रमांक न लिहिता ‘माझ्या सर्व बँकांतील सर्व ठेवी’ असे लिहावे. पावती नूतनीकरणाला क्रमांक बदलला की वाद सुरू होतो. प्रत्येक लाभार्थ्यापुढे, तो आधीच गेला तर कोणाला, हेही लिहावे. शेवटी ‘याशिवाय माझी जी काही मालमत्ता असेल वा पुढे मिळेल ती अमुक व्यक्तीला’ हे उर्वरित मालमत्तेचे कलम हवेच. घरी केलेल्या मृत्युपत्रांत हमखास राहून जाणारे कलम हेच आहे.

पत्नीला घर ‘तिच्या हयातीपर्यंत’ आणि नंतर मुलाला, असे पुष्कळ जण लिहितात. याचा अर्थ तिला त्या घरात राहता येईल, पण गरज पडल्यास ते विकता येणार नाही. रुग्णालयाच्या खर्चाला किंवा लहान घरात जायला विकायची वेळ आली तर काय, याचा विचार करूनच हे शब्द वापरावेत. मला विचाराल तर, जिने संसार केला तिला घर पूर्ण मालकीने द्यावे.

मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी व्यक्ती, म्हणजे व्यवस्थापक किंवा एक्झिक्युटर, नेमावी. ती शक्यतो तुमच्यापेक्षा तरुण, व्यवहार समजणारी आणि तिची आधी संमती घेतलेली असावी. लाभार्थीही व्यवस्थापक होऊ शकतो. साक्षीदार मात्र लाभार्थी नसावा. ख्रिस्ती आणि पारशी मृत्युपत्रांत साक्षीदाराला वा त्याच्या पती-पत्नीला दिलेला लाभ कायद्यानेच रद्द ठरतो, आणि हिंदूंच्या बाबतीत तो रद्द होत नसला तरी संशयाला जागा मिळते. एक साक्षीदार कुटुंबाचे डॉक्टर असतील तर उत्तम. वय जास्त असेल किंवा आजारपण चालू असेल, तर त्याच दिवशीचा ‘मनाने पूर्ण स्वस्थ आहेत’ असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडावा. प्रत्येक पानावर सही करावी, खाडाखोड झाली तर पान नव्याने लिहावे.

दोन सावधगिरीच्या सूचना. मृत्युपत्राने कर्ज बुडत नाही. आधी देणी फेडली जातात, मग वाटप होते. आणि शेतजमीन शेतकरी नसलेल्या व्यक्तीला द्यायची असेल, किंवा जमीन कुळकायद्याने मिळालेली अथवा भोगवटादार वर्ग दोनची (हस्तांतरणावर सरकारी निर्बंध असलेली) असेल, तर मसुदा वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये.

पाचवी पायरी: नोंदणी करायची की नाही

नोंदणी सक्तीची नाही, पण मी ती करावी असे सुचवतो. महाराष्ट्रात दुय्यम निबंधक कार्यालयात मृत्युपत्राची नोंदणी १०० रुपये शुल्कात होते. दोन्ही साक्षीदारांना सोबत न्यावे लागते. चालता न येणाऱ्या व्यक्तीसाठी अधिकाऱ्याने घरी येण्याचीही तरतूद आहे. नोंदणीमुळे मृत्युपत्र हरवण्याची आणि बदलले जाण्याची भीती जाते. मात्र नोंदणी झाली म्हणून ते आव्हानापलीकडे जात नाही. वाद झाला तर साक्षीदारांपैकी किमान एकाला न्यायालयात सांगावे लागतेच. आणि नोंदणीकृत मृत्युपत्रही नंतरच्या साध्या, पण नीट केलेल्या मृत्युपत्राने रद्द होते. प्रोबेटची, म्हणजे न्यायालयाकडून मृत्युपत्र प्रमाणित करून घेण्याची, सक्ती मुंबई शहरातील मृत्युपत्रांना अनेक दशके होती. आपल्या मालमत्तेला ते आज लागेल का, हे मुंबईकरांनी वकिलाला नेमके विचारावे.

‘मृत्युपत्रापेक्षा आत्ताच बक्षीसपत्र करून टाका’ असा सल्लाही मिळतो. राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुले किंवा नातवंडांना बक्षीस देताना महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये आहे, त्यामुळे तो मोह होतो. परंतु बक्षीसपत्राने मालकी त्याच दिवशी जाते. राहते एकमेव घर हयातीत देऊ नये. द्यायचेच असेल, तर ‘देणाऱ्याचा सांभाळ करण्याच्या अटीवर’ असे बक्षीसपत्रात स्पष्ट लिहावे. तशी अट असेल तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली, सांभाळ न झाल्यास, ते रद्द करून मागता येते.

सहावी पायरी: मुखत्यारपत्र आणि त्याची मर्यादा

कुलमुखत्यारपत्राने अनेक प्रकारच्या कामांचा अधिकार दिला जातो, विशेष मुखत्यारपत्राने एखाद्याच कामाचा. नवख्या माणसाने विशेष मुखत्यारपत्रच करावे: अमुक सदनिका भाड्याने देणे, अमुक दाव्यात हजर राहणे, अमुक दस्ताची नोंदणी करणे, एवढेच त्यात लिहावे. विक्रीचा अधिकार देण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. नात्याबाहेरच्या व्यक्तीला तो दिल्यास मुद्रांक शुल्कही मोठे लागू शकते. केवळ मुखत्यारपत्राच्या आधारे घर ‘विकत घेतले’ म्हणणाऱ्याला मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

परदेशातील मराठी मुलामुलींनी पुण्या-नागपुरातील घरासाठी आईवडिलांना मुखत्यारपत्र द्यायचे असेल, तर ते तिथल्या भारतीय वकिलातीत, किंवा तो देश अपोस्टिल करारात (कागद दुसऱ्या देशात ग्राह्य धरण्यासाठी सरकारी प्रमाणन देण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात) असल्यास नोटरी आणि अपोस्टिल करून करावे, आणि मूळ कागद भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथे त्यावर मुद्रांक शुल्क भरावे. अधिकार काढून घ्यायचा असेल तर लेखी रद्दपत्र करून ते मुखत्याराला आणि संबंधित बँक, सोसायटी, कार्यालयाला कळवावे.

खरी अडचण वेगळीच आहे. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार अधिकार देणाऱ्याचे मन स्वस्थ राहिले नाही की मुखत्यारपत्र संपते. म्हणजे वडिलांना स्मृतिभ्रंश झाला किंवा आई बेशुद्धावस्थेत गेली, तर ज्या क्षणी त्या कागदाची सर्वाधिक गरज असते, त्याच क्षणी तो निरुपयोगी होतो. अशा वेळी पालकत्वासाठी न्यायालयात, बेशुद्धावस्थेतील व्यक्तीबाबत उच्च न्यायालयात, जावे लागते. याला संपूर्ण उत्तर नाही, पण भार हलका करता येतो. घरखर्च आणि औषधपाणी चालेल एवढी रक्कम ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ या पद्धतीच्या संयुक्त खात्यात असावी. मालमत्ता बरीच असेल आणि स्मृतिभ्रंशाचे निदान सुरुवातीच्या टप्प्यात झाले असेल, तर मन स्वस्थ असतानाच खासगी विश्वस्त निधी करावा का, हे वकिलाला आणि सनदी लेखापालाला विचारावे. मृत्युपत्रही त्याच टप्प्यात, डॉक्टरांच्या दाखल्यासह, पूर्ण करून घ्यावे.

उपचारांबाबतची इच्छा वेगळ्या कागदावर लिहिता येते. बरे होण्याची आशा नसताना कृत्रिम साधनांवर ठेवू नये, असे आगाऊ वैद्यकीय निर्देशपत्र २०१८ पासून वैध आहे, आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते. त्यात निर्णय घेणाऱ्या जवळच्या व्यक्तींची नावे द्यावीत, एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नियुक्त अधिकाऱ्याकडे द्यावी, आणि घरात त्याविषयी मोकळेपणाने बोलावे. अतिदक्षता विभागाच्या दारात मुलांनी एकमेकांकडे पाहत निर्णय घ्यावा, अशी वेळ त्यांच्यावर येऊ देऊ नये.

सातवी पायरी: जपणूक आणि फेरतपासणी

मूळ मृत्युपत्र स्वतःच्या एकट्याच्या नावावरील लॉकरमध्ये ठेवू नये, कारण तो लॉकर उघडण्यासाठीच वारसांना ते लागेल. ते घरी सुरक्षित जागी किंवा व्यवस्थापकाकडे ठेवावे. बंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याचीही कायद्यात सोय आहे. मजकूर सांगायचा की नाही हा तुमचा प्रश्न आहे, पण मृत्युपत्र आहे आणि ते कुठे आहे, हे किमान दोघांना ठाऊक असावे. पहिल्या पायरीतील यादीची वही त्याच्यासोबत असावी.

शेतजमीन असेल तर वारसांना आधीच सांगून ठेवावे की मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठी कार्यालयात वर्दी देऊन वारस नोंदीचा फेरफार करून घ्यायचा आहे. आजोबांच्या नावाचा सातबारा नातवंडांच्या पिढीपर्यंत तसाच राहिला, की हिस्सेदारांची संख्या वाढते आणि पीककर्जापासून भूसंपादनाच्या मोबदल्यापर्यंत सगळे अडते.

लग्न, घटस्फोट, अपत्यजन्म, नव्या घराची खरेदी, किंवा लाभार्थी, व्यवस्थापक वा साक्षीदार यांपैकी कोणाचा मृत्यू झाला, की मृत्युपत्र आणि सारी नामनिर्देशने एकत्र काढून तपासावीत. किरकोळ बदल पुरवणी मृत्युपत्राने करता येतो, त्यालाही दोन साक्षीदार लागतात. बदल मोठा असेल तर नवेच करावे, त्यावर तारीख ठळक लिहावी, आणि जुने मृत्युपत्र व त्याच्या छायाप्रती फाडून टाकाव्यात, म्हणजे दोन कागदांपैकी शेवटचा कोणता, हा प्रश्न कोणापुढे उरणार नाही.